धडधड्याची अर्धी फेरी

आम्ही गुरव. महादेवाची पूजा आमच्या घराकडे, आणि महादेवाची पूजा म्हणजे मुख्यतः भांडी घासणं, हे बाहेरच्यांना कधी कळत नाही. तांब्या, पळी, ताम्हण, समया, आरतीची घंटा, पिंडीवर टांगायचं अभिषेकपात्र, सगळं पितळेचं आणि सगळं रोज. आमचं गाव राणीसावरगावच्या पलीकडे, डोंगर सुरू होतात तिथलं. देऊळ ओढ्याच्या काठावर होतं आणि ओढ्यात मी. सकाळी चिंच आणि राख घेऊन बसलं की उन्हं डोक्यावर येईपर्यंत कंबर सरळ व्हायची नाही. आई वरून ओरडायची, ‘इमे, घंटीच्या आतून बी घास गं, देवाला आतलं दिसतंय!’ माझं नाव विमल. पुढे पस्तीस-एक वर्षं मी शाळेत शिकवलं, तिथे सगळे विमलबाई म्हणायचे, पण घरात आणि ओढ्यात मी इमीच होते. त्या घासण्यामुळे दोन गोष्टी झाल्या. माझे हात आजही चिंचेसारखे काळसर आहेत, आणि त्या ओढ्याची एकूण एक खोड मला पाठ झाली. कुठे शेवाळ धरतं, कुठे पाणी फसवं आहे, पात्राच्या मधोमध बसलेला म्हशा दगड किती उघडा असला की पाणी गुडघ्याला लागतं आणि किती बुडला की कमरेला, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. म्हशा दगड म्हणजे पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा एक काळा धोंडा. अजून आहे.

माझं दुसरं काम मात्र मानाचं होतं. महादेवाला पुरी प्रदक्षिणा नसते. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून देवळाबाहेर पडतं ते सोमसूत्र, आणि ते ओलांडायचं नसतं. तिथवर जायचं, आल्या पावली मागं फिरायचं. आता हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि गडबडीत सगळे विसरत होते. म्हणून श्रावणात सोमवारी अप्पा, म्हणजे माझे वडील, मला त्या पन्हळीपाशी उभं करायचे. कुणी पाय उचलला की मी ओरडायची, ‘फिरा मागं!’ माझा आवाज तेव्हा असा होता की पाटलांचासुद्धा पाय हवेतल्या हवेत थांबायचा. तेराव्या वर्षी गावच्या पाटलाला मागं फिरवायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. पुढे शाळेत मोठमोठे साहेब तपासणीला आले तेव्हा माझ्या बरोबरच्या बायांचे हात कापायचे, माझे कधी कापले नाहीत.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धडधड्याची फेरी असायची. हल्ली माझी नात मोबाईलवर दाखवते, ‘धबधबा लूप ट्रेक, एका दिवसात’, खाली फोटो, आणि लोक परभणीहून, नांदेडहून गाड्या घेऊन येतात, बूट घालून चालतात, मक्याची कणसं खातात. वाट तीच आहे. आम्ही तिला फेरी म्हणायचो आणि अनवाणी चालायचो. देवळापासून निघायचं, डोंगर सतत उजव्या हाताला ठेवायचा, पाठीमागून वळसा घालून शेवटी धडधड्यापाशी उतरायचं. धडधड्या म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं पाणी जिथून खाली पडतं तो धबधबा. नाव मोठं आणि लक्षण खोटं. आमच्याकडच्या पावसात तो बहुतेक वर्षी धडधडण्यापेक्षा ठिबकायचाच. त्याच्याखाली डोकं भिजवायचं, पुढे ओढा ओलांडायचा, की समोर देऊळ. फेरी पुरी. पुढे निशाण घेऊन अप्पा, त्यांच्या मागे गाव. फेरीचे नियम दोनच, निशाणाच्या पुढे जायचं नाही आणि मागं फिरायचं नाही. एका साली कुणाचे तरी पाहुणे नवी कोरी छत्री पठारावर विसरले. दहा पावलांवर छत्री दिसत होती, पण मागं फिरायचं नाही म्हणून ते तिच्याकडे बघत बघत पुढे गेले आणि भिजत गावाला परतले.

मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी पाऊस आषाढात तोंड दाखवून गेला होता आणि कापसाची पानं मान टाकायला लागली होती. त्यामुळे फेरीला अख्खं गाव लोटलं. आईने पहाटे उठून लहान पोरांसाठी धपाटे भाजले होते. ज्वारीच्या पिठात तीळ, लसूण, हिरवी मिरची आणि हाताला लागेल तेवढी कोथिंबीर. तव्यावर धपाटं पडलं की वास थेट देवळापर्यंत जायचा आणि उपासाची माणसं अप्पांना म्हणायची, ‘गुरव, तुमच्या घरच्या वासानंच आमचा सोमवार मोडायलाय.’ मोठ्यांना फेरी पुरी होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. फेरीनंतर देवळात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. ती आमटी मी आयुष्यभर करून बघितली, आईच्या हातची चव आली नाही. आई आणि आणखी चार-सहा बाया मोठं पातेलं घेऊन देवळात थांबल्या आणि आम्ही निघालो. मी अप्पांच्या मागेच, हातात घंटा. अप्पा बोलायला फार कंजूष. निशाण खांद्याला लावलं की ते डोंगराखेरीज कुणाकडे बघायचे नाहीत.

माझ्या शेजारी गयामावशी होती. नात्याने कुणी नाही, पण आमच्याकडे सगळ्या मावश्याच. गयामावशी म्हणजे काटक, काळी आणि तोंडाने फाटकी. तिच्या बैलजोडीतला एक बैल काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोंडावर बसला तो उठेना. तिने महादेवाला बोलून ठेवलं, बैल उठला तर पाच फेऱ्या घालीन. बैल तिसऱ्या दिवशी उठला. ही तिची पाचवी फेरी होती आणि वाटेत भेटेल त्याला ती हे सांगत होती. ‘आज देवाचं फिटलं की मी मोकळी अन् माझा सर्जा बी मोकळा.’ चालता चालता ती तरवट्याची भाजी खुडून ओटीत टाकत होती. बाया नवस फेडायला निघाल्या तरी संध्याकाळच्या भाजीचं बघतात, हे मी तिच्याकडूनच शिकले.

डोंगराच्या पाठीमागच्या अंगाला आम्ही होतो तेव्हा माथ्यावर आभाळ काळं झालं. आमच्या अंगावर चार थेंब पडले असतील नसतील. पण वर, डोक्यावरच्या पठारावर, तो कोसळत होता. धुरासारखं पांढरं दिसत होतं. आणि मग वळण घेऊन आम्ही उतरायला लागलो तसा आवाज आला. धडधड्याचा तसला आवाज माझ्या पिढीने ऐकला नव्हता. सगळी रांग थबकली, आणि मग असा जल्लोष झाला म्हणता! म्हाताऱ्या माणसांनी फेटे काढून हवेत उडवले. कुणी म्हणालं, देव पावला. कुणी म्हणालं, देव आज न्हाऊ घालायलाय. माझंसुद्धा अंग शहारलं, खोटं कशाला बोलू. आमच्या मुलखाला पाण्याला घाबरायची सवय नाही, पाणी न येण्याला घाबरायची सवय आहे. रांगेत एकालाही पोहता येत नव्हतं आणि एकाच्याही मनात ते आलं नाही.

खाली उतरलो तर ओढा दोन्ही काठ धरून चालला होता. पलीकडे देऊळ, इतकं जवळ की पायरीवरचं पातेलं दिसत होतं. आई काठापर्यंत धावत आली होती आणि दोन्ही हात वर करून हलवत होती. पाण्याच्या गर्जनेत तिचा शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. ‘गुरवीणबाई बलवायल्यात, चला चला,’ म्हणून लोक मागून रेटायला लागले. अप्पांनी नारळ काढला, ओढ्याला नमस्कार केला आणि काठावरच्या धोंड्यावर तो फोडायला वाकले. माझी नजर सवयीने म्हशा दगडावर गेली. वरून बघितला तेव्हा त्याची सबंध पाठ उघडी होती. उतरून येईस्तोवर पाठीचा कणाच उरला होता. आणि अप्पांनी नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा पाण्यात टाकला तेव्हा दगडाच्या जागी नुसता पाण्याचा एक फुगवटा होता. पाण्याचा रंग पिवळा जाऊन तांबडा झाला होता आणि त्यावर शेणाच्या गोवऱ्या, काटक्या, फेस वाहत होता. भांडी घासताना असा रंग मी एकदाच पाहिला होता. त्या दिवशी आमचं मोठं ताम्हण गेलं होतं, तेही क्षणात.

मी अप्पांचा सदरा धरला. म्हटलं, ‘अप्पा, जाऊ नका. पाणी वाढायलंय.’

‘निशाण थांबत नसतंय, इमे,’ अप्पा म्हणाले आणि धोतर वर खोचायला लागले.

आता त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या आज्यापासून हे निशाण कधी थांबलं नव्हतं. मागे उपाशी माणसं, कडेवर लेकरं, समोर देऊळ. निशाण थांबवलं तर गुरव भ्याला म्हणून गाव हसलं असतं, आणि अप्पांकडे गावात मान सोडून दुसरं काही नव्हतं. त्यांनी पाय टाकला असता तर त्यांच्या टाचेवर टाच ठेवून सगळं गाव पाण्यात उतरलं असतं, हे मला जितकं दिसत होतं तितकंच लख्ख हेही दिसत होतं की पाणी वाढलं, पाणी वाढलं असं कितीही ओरडले तरी मी तेरा वर्षांची पोर होते. पाण्याचं कारण सांगून तिथे कुणी थांबणार नव्हतं. मग तोंडातून ते कसं निघालं, माझं मला कळलं नाही. मी वळून, पन्हळीपाशी उभी राहून ओरडायची त्याच आवाजात ओरडले, ‘फिरा मागं! सोमसूत्र हाय!’

अप्पांचा पाय हवेत.

‘डोंगर म्हंजे महादेवच की नाय?’ मी म्हटलं. ‘मग हे त्याच्या अंगावरचं पाणी. आपुण डोंगराला फेरी घातली अन् आता त्याचं पाणी वलांडायलोत. महादेवाचं पाणी वलांडतेत का?’

सर्वांत आधी गयामावशी उसळली. उसळणारच, तिची पाचवी फेरी हातभर अंतरावर अडली होती. ‘माय वं! इतकी सालं वलांडलं तवा तुझं सोमसूत्र कुठं गेलं व्हतं? अन् सोमसूत्रावर दगड ठिवला की वलांडता येतंय, तुझाच बाप सांगतंय!’

ते खरं होतं. तशी सवलत आहे, आणि अप्पा ती सांगायचे. पण त्याच क्षणी मला उत्तर दिसलं. दिसलं म्हणजे अगदी डोळ्यांसमोर होतं, किंवा नव्हतं म्हणा.

‘ठिवलाय की दगड, मावशी,’ मी पाण्याकडे बोट केलं. ‘महादेवानंच ठिवलाय. म्हशा दगड. इतकी सालं तो वर व्हता म्हणून आपुण वलांडत व्हतो. आज कुठाय? दाखवा मला.’

सगळ्या माना वळल्या. दगड नव्हता. ज्या दगडावर गावातली प्रत्येक बाई धुणं आपटत होती, तो नव्हता. रांगेतून एक हुंकार फिरला. गयामावशी मात्र माझ्या तोंडाशी आली आणि म्हणाली, ‘अन् फेरी मोडली म्हणून माझा सर्जा बसला, तर तू उठवशील का?’

‘उठवीन,’ मी म्हटलं. कशी उठवणार होते, देव जाणे.

अप्पांनी पाण्याकडे पाहिलं, मग निशाणाकडे, मग माझ्याकडे. इतकं रोखून त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता सणसणीत एक बसणार. पण त्यांनी धोतराचा खोचा सोडला, दस्तीनं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘पोरगी शास्त्राचं बोलायली. दगड बुडला की वलांडायचं न्हाई. फिरा मागं.’ आणि निशाण माझ्या हातात दिलं. ‘तू फिरवलंस, आता तूच ने.’

निशाण माझ्यापेक्षा हातभर उंच होतं आणि वजनाला भारी होतं. ते बाईच्या हातात कधी गेलं नव्हतं, पोरीच्या तर नाहीच. मी ते खांद्याला लावलं आणि डोंगर डाव्या हाताला घेऊन चालायला लागले. चढावर शंभरेक पावलं गेलो असू तेव्हा खालून कडाड असा आवाज आला. मागं न फिरायचा नियम त्या दिवशी आधीच मोडला होता, त्यामुळे सगळ्यांनी बघितलं. धडधड्याच्या वरून एक अख्खी बाभळ मुळांसकट कोसळली आणि ज्या उतारावर आम्ही रांग लावून उभे होतो तो घासत, लोंढ्याबरोबर देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन पुढे गेली. एक बाई कडेवरचं लेकरू छातीशी घट्ट धरून मटकन खाली बसली. गयामावशीने ओटीतली तरवट्याची भाजी बघितली, ओटी नीट आवळली आणि मला म्हणाली, ‘चल बये, चल. पाय उचल.’ एवढंच. पण तिने त्या दिवशी परत वाटेत भाजी खुडली नाही.

परतीची वाट लांब होती. उपाशी माणसं रडतखडत चालत होती, पोरांना धपाट्यांचे तुकडे वाटून संपले होते. पठारावर अप्पा माझ्या शेजारी आले. हळूच म्हणाले, ‘डोंगराला सोमसूत्र असतंय, हे कुठं लिव्हलंय गं?’

‘कुठंच न्हाई,’ मी म्हटलं.

‘मग बोललीस कशी?’

‘म्हशा दगड बुडाला व्हता, अप्पा. तुमी दगडाचं ऐकलं नसतं.’

अप्पा हसले. आवाज न करता, खांदे हलवून. मग म्हणाले, ‘आता दरसाली हेच सांगत बसावं लागंल मला.’ थोडं पुढे जाऊन पुन्हा म्हणाले, ‘गुरवाची लेक शोभतीस.’ माझ्या वडिलांनी मला आयुष्यात दिलेली ही एकच शाबासकी. मॅट्रिक झाले तेव्हासुद्धा त्यांनी पेढा खाल्ला आणि पेढा चांगला आहे म्हणाले.

देवळात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आईने मला बघितलं, माझ्या खांद्यावरचं निशाण बघितलं, आणि आधी अप्पांवर तुटून पडली. ‘मी काय या म्हणत व्हते का? मागं सरा, मागं सरा म्हणून हात वरी करून मरायले अन् तुमी नारळ फोडायलात!’ अप्पांनी गुमान पानावर बसून भगर मागितली. ओढ्याच्या आवाजात ती आमटी सगळ्या गावाने ओरपली, आणि मला त्या दिवशी पुरुषांच्या पहिल्या पंगतीत बसवलं. सर्जा बसला नाही, हे सांगून टाकते, नाहीतर वाचणारा त्याच काळजीत राहायचा. पुढे कितीतरी पोळे त्याने मिरवून काढले आणि दर पोळ्याला गयामावशी पुरणाची पोळी घेऊन माझ्याकडे यायची. म्हणायची, ‘खा. बैलाच्या आधी तुला.’

गेल्या श्रावणात नात मागे लागली म्हणून मी पुन्हा फेरी घातली. या वयात? हो, या वयात, आणि वाटेत तिला दोनदा माझ्यासाठी नाही, तिच्या स्वतःसाठी बसावं लागलं. धडधड्यापाशी जत्रा भरली होती. फोटो, गाणी, मक्याच्या कणसांचा धूर. वर पाऊस पडून गेला होता आणि ओढा बऱ्यापैकी चढला होता. आता तिथे सिमेंटचे ठोकळे टाकलेत, पोरं त्यावरून उड्या मारतात, म्हणून मीही नातीचा हात धरून पहिल्या ठोकळ्याकडे पाय उचलला. तेवढ्यात कणसं भाजणारी बाई हातातला पंखा टाकून धावत आली आणि माझ्या अंगावर ओरडली, ‘ओ आजी! फिरा मागं! म्हशा दगड बुडलाय, दिसत न्हाई का? सोमसूत्र हाय ते!’

माझा पाय हवेत थांबला. नात हसायला लागली. मी त्या बाईला विचारलं, ‘कुणी सांगितलं गं हे?’

‘कुणी म्हंजे? पूर्वापार हाय. मोठ्या पुरात खुद्द महादेव एका गुरवाच्या अंगात आले अन् सगळं गाव मागं फिरवलं.’

‘गुरवाच्या, का गुरवाच्या पोरीच्या?’

बाईने मला खालून वरपर्यंत पाहिलं. ‘पोरीबाळीच्या अंगात महादेव येत असतेत का, आजी? कायबी बोलायलात. सरा आधी मागं.’

जिभेवर आलं होतं. शाळेत पस्तीस वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त केलेली बाई मी, एवढी मोठी चूक तोंडावर आलेली असताना गप्प बसणं म्हणजे काय असतं ते माझं मला माहीत. पण तोवर त्या बाईने माझ्याकडे पाठ केली होती आणि ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या दहा-बारा दांडग्या पोरांना हाका मारून ती काठावर आणत होती. ती पोरं कुरकुरत होती, पण येत होती. एकही पुढे गेला नाही.

नात म्हणाली, ‘आजी, सांग ना तिला!’

‘काय सांगायचं?’ मी म्हटलं. ‘पूर्वापार आहे. चल, फीर मागं.’